रेतीबंदरावरची कडी

दोर देतो. पण आधी बस. अद्वय, तूही बस रे, पायरीवर जागा आहे. नवीन गाडी घेतलीत, उद्या डोंगरात चिखल तुडवायला चाललात, आणि काकाकडे होडीचा जुना दोर मागायला आलात. बरं केलंत. संदेश, तुझ्या गाडीला दोर अडकवणार कुठे, ते सांग. बंपरखालच्या त्या कडीला?

वाटलंच मला.

ती कडी ओढायची नाही, बाळा. गाडी ट्रकवर चढवली की हलू नये म्हणून तिच्यात साखळी अडकवतात. तेवढंच तिचं काम. ओढायला चेसीसला नटबोल्टने आवळलेला जाडजूड हूक लागतो. हे मला कसं माहीत? मी जन्मभर रेतीच्या होड्या ओढल्या, गाड्यांतलं मला काय कळणार. मला भावेशमुळे कळलं.

आवडावहिनीचा थोरला. वहिनी म्हणजे माझ्या चुलतभावाची बायको. तो लवकर गेला, दोन्ही पोरं तिनेच वाढवली. थोरला भावेश, धाकटा हर्षित. जमिनीला बिल्डर आला, दोघांच्या दारात दोन गाड्या आल्या. मग काय, ओहोटी लागली की रेतीबंदराच्या खाली गाळात गाड्या घालायच्या आणि मोबाईलवर फोटो काढायचे. मी ओरडायचो. ऐकतंय कोण?

एका संध्याकाळी हर्षितची गाडी रुतली. पाणी चढायला लागलेलं. भावेशने आपली गाडी काठावर लावली, गाडी ओढायचा पट्टा सोडला, आणि हर्षितने तो आपल्या गाडीच्या त्या कडीला अडकवला. तुझ्यासारख्याच. मग गाडीत बसायचं सोडून दोन गाड्यांच्या मधे उभा राहिला, हात हलवत. "चल दादा, ओढ. पाणी येतंय." भावेशने जोरात हिसका दिला. टण् करून आवाज झाला. कडी तुटून उडाली ती पोराच्या डोक्यात बसली. जागच्या जागी गेला.

कडी काही सापडली नाही. पोलिसांनी गाळ उपसला, मी स्वतः उपसला. गाडी क्रेनने काढली, भंगारात गेली. आणि भावेशने महिन्याभरात आपल्या गाडीला पुढेमागे खरे हूक बसवून घेतले. लाल रंगाचे, चेसीसला आवळलेले. वरातीमागून घोडं. रोज संध्याकाळी खाली वाकून त्यांचे बोल्ट तपासायचा. शेजारी हसायचे. मी नाही हसलो.

आवडावहिनी त्याच्याशी बोलायची बंद झाली. ताट वाढायची, पण शब्द नाही. वर्षभर. एका घरात राहून आई बोलत नसेल तर माणूस आतून कसा वाळतो, ते मी त्या पोरात पाहिलंय.

मग वर्षश्राद्ध आलं. गेल्या वर्षीची पौष अमावास्या, बुधवार होता. सगळं आटोपलं, पाहुणे गेले. रात्री वहिनीने केळीच्या पानावर तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी बांधली, हर्षितला आवडायची तशी, आणि भावेशच्या हातात दिली. वर्षातलं पहिलं वाक्य बोलली. "जिथं गेला तिथं ठेवून ये. अडकलाय तो. मोकळा कर त्याला."

भावेश रडला म्हणे. आई बोलली म्हणून रडला. मग गाडी काढून निघाला.

इथून पुढचं त्याने मला एकदाच सांगितलं. मी ते तसंच सांगतोय, पदरचं काही घालत नाही.

रात्रीचे नऊ वाजलेले. अमावास्येची भरती मध्यरात्रीनंतर पुरी होते, म्हणजे नवाला पाणी चढतं असतं, पण काठाजवळचा गाळ अजून उघडा असतो. त्याने पान काठावर ठेवलं. हात जोडले. लांबवर नव्या पुलाचे दिवे दिसत होते. वारा पडलेला. गाडीत परत बसणार, तेवढ्यात खाली खारफुटीच्या पलीकडे इंजिन कण्हल्याचा आवाज आला. चाकं गाळात फिरतात ना, तसा. दोन दिवे दिसले. पाण्याच्या रेषेत, नाक काठाकडे करून गाडी रुतलेली.

आणि हाक आली. "दादा, दोर आहे का?"

आता नीट ऐका. आम्हा खाडीवरच्या लोकांत एक रीत आहे. रात्री कोणी दोर मागितला तर आधी नाव विचारायचं. समोरच्याने आपल्या तोंडाने नाव सांगितलं तरच दोर द्यायचा. कारण दोर दिला की तुम्ही त्याला बांधले गेलात. तो बाहेर निघेपर्यंत तुमची सुटका नाही. माझ्या बापाने मला सांगितलं, मी या पोरांना लहानपणी सांगितलं. भावेशला ते पाठ होतं. पण रुतलेली गाडी आणि चढतं पाणी दिसल्यावर त्या पोराला दुसरं काही सुचलंच नाही. त्याला वाटलं, एक तरी जीव वाचवू.

नाव विचारलं नाही त्याने. "आलो," म्हणाला.

पट्ट्याचं एक टोक आपल्या गाडीच्या मागच्या लाल हुकात अडकवलं. आधी आपल्याकडचं टोक, मग समोरचं, तशीच पद्धत असते. दुसरं टोक घेऊन गाळात उतरला. गुडघाभर. पाणी थंडगार. त्या गाडीच्या पुढ्यात वाकला आणि बंपरखाली हात घालून हूक चाचपला.

हूक नव्हता.

कडी होती.

त्याने मोबाईलचा उजेड पाडला. नंबरप्लेट दिसली. हर्षितची गाडी. भंगारात गेलेली.

तो हळूहळू उठला. मागे वळला. दोन गाड्यांच्या मधे कोणीतरी उभं होतं. पाठमोरं. एक हात वर केलेला.

"चल दादा, ओढ. पाणी येतंय."

"हर्षित..."

हात तसाच वर.

"हर्षित, बाजूला हो. मी सांगतो ना, बाजूला हो रे."

तो हलला नाही.

भावेश गाडीखाली पाण्यात हात घालून चेसीस शोधत राहिला. कुठेतरी पट्टा गुंडाळता येईल, म्हणून. नखं निघाली त्याची. पकडायला काहीच मिळेना. पाणी मांडीपर्यंत आलं. ओढलं तर कडी तुटणार. नाही ओढलं तर... पाणी.

"दादा, ओढ."

"नाही ओढणार."

"दादा..."

त्याने पट्टा तिथेच पाण्यात टाकून दिला. कशालाही बांधला नाही. हे तो सांगताना तीनदा म्हणाला. "काका, मी बांधला नव्हता." काठावर आला, गाडीत बसला, किल्ली फिरवली. आता सरळ घरी जायचं, आईच्या पायावर डोकं ठेवायचं. आरशात मागे पाहिलं.

पट्टा ताणलेला होता.

मागच्या हुकापासून थेट अंधारात. तारेसारखा ताठ.

गाडी पुढे घेतली असती तर ओढलं गेलं असतं. उतरून हुकातला पट्टा सोडवायला गेला, तर ताणामुळे सुटेना. त्याने इंजिन बंद केलं. हँडब्रेक खेचला. पाय वर घेऊन सीटवर बसला, पॅडलला चुकूनसुद्धा लागू नयेत म्हणून.

बसून राहिला.

हाका येत होत्या. मग कमी झाल्या. मग तोंडात पाणी गेल्यासारख्या...

मग थांबल्या.

मग टण्.

...

पहाटे ओहोटीला मी होडी बघायला गेलो तर गाडी काठावर उभी. काचा धुक्याने भरलेल्या. आत तो तसाच, पाय वर घेऊन. मी दार उघडून शेजारी बसलो. त्याने जे झालं ते सगळं सांगितलं. शेवटी म्हणाला, "काका, या वेळी मी ओढलं नव्हतं." त्यानंतर तो कोणाशी बोलला नाही. आजही घरात आहे. आता आई त्याच्याशी बोलते, दिवसभर बोलते. तो उत्तर देत नाही.

गाळात गाडीचा माग नव्हता. चाकाची एक खूण नाही. मी पट्टा ओढून काढला. टोकाला कडी होती. मुळातून तुटलेली.

घेऊन वहिनीकडे गेलो. ती दारातच उभी होती, रात्रभर उभी असावी. एवढंच विचारलं, "भिवाजी भावोजी, सुटला का?" मी कडी तिच्या तळहातावर ठेवली. तिने चटका बसल्यासारखा हात मागे घेतला आणि आत निघून गेली.

ती कडी आता माझ्याकडे आहे. त्या खुंटीवर, दोराच्या खाली. खाडीचा वारा खातो इथलं सगळं लोखंड, कोयता बघ, विळी बघ. तिच्यावर गंजाचा ठिपका नाही. तुटलेली जागा आज तुटल्यासारखी चकचकते.

दोर काढून घे, संदेश. थंडीचे दिवस आहेत, लोखंड गार लागतं. कडीला हात लावून बघ.

...

हाताला गरम लागते ना अजून?