एका माणसाचा आकडा

हवामास्तर हे नाव त्याला कामावरच्या लोकांनी ठेवलं होतं. मोठमोठ्या ऑफिसांमधली हवा तपासायची, हे त्याचं काम. माणसं श्वास सोडतात तशी बंद खोलीतली हवा शिळी होत जाते आणि मीटरवरचा आकडा चढतो. त्या आकड्याकडे नुसती नजर टाकून मास्तर सांगायचा, "आत्ता इथून चौघं उठून गेलेत." आणि चौघंच असायचे. लोक हसायचे. मास्तरला हसणं माहीत नव्हतं. त्याचा राग कायम नाकाच्या शेंड्यावर.

राग यायला कारणही तसंच होतं. घरासमोरच्या रस्त्यावर मालट्रक इंजिन चालू ठेवून उभे राहायचे आणि वर घरात त्याची लहान मुलगी चिमी खोकून खोकून निळी पडायची. "धुरापासून लांब ठेवा," डॉक्टर म्हणाले होते. "आणखी एकदा असा झटका आला तर कठीण आहे." लांब म्हणजे कुठे, ते डॉक्टरांनी सांगितलं नाही. ड्रायव्हर लोकांशी भांडून घसा बसला, तेव्हा मास्तर हात धुऊन स्वतःच्या घराच्या मागे लागला. गालिचे गेले, पडदे गेले. तळण बंद. चिमीच्या खोलीच्या खिडकीची फट न् फट त्याने बुजवली, गाळून स्वच्छ हवा आत सोडणारा पंखा बसवला आणि दाराला काच लावली. आत फळीवर मीटर. दुपारी चिमी झोपली की कुणीही आत पाऊल टाकायचं नाही, असा त्याचा दंडक. माणसाच्या कपड्यांवरून धूळ आत जाते.

एका सुट्टीच्या दुपारी त्याने काचेतून पाहिलं. चिमी एकटी झोपली होती. मीटरवर आकडा दोघांचा होता.

त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाहेर आप्पा, म्हणजे त्याचे वडील, पेपर वाचत बसले होते.

"आप्पा, तुम्ही आत जाऊन बसला होतात."

"नाही रे बाबा. मी इथून हललो पण नाही."

"मीटर खोटं बोलतं का?"

"मग मी खोटं बोलतोय?"

"आयुष्यभर घरात सिगारेटी ओढल्यात. तुमच्यामुळेच भोगतेय ती पोर. अजून समाधान नाही झालं तुमचं?"

आप्पांनी पेपरची नीट घडी घातली. संध्याकाळी ते बॅग भरून धाकट्या मुलाकडे निघून गेले. जाताना त्यांनी चिमीच्या खोलीच्या दाराला हातसुद्धा लावला नाही.

"काढलंस बापाला घराबाहेर," बायको म्हणाली. "आता तरी थंड झालास?"

तो थंड झाला नाही, कारण दुसऱ्या दिवशीही आकडा दोघांचाच होता. बायको त्याच्या डोळ्यांसमोर स्वयंपाकघरात भांडी लावत होती. त्याने मीटर बदललं, पंख्याची जाळी धुतली, पंखा विकणाऱ्याचा फोनवर पाणउतारा केला. आकडा ढिम्म. त्या गडबडीत एक गोष्ट आधी बायकोच्या लक्षात आली. चिमीचा खोकला थांबला होता. छातीतली घरघरसुद्धा गेली होती.

"बरी झाली रे पोर! तू आकडे कसले बघत बसलायस?" बायकोच्या डोळ्यांत पाणी होतं.

त्याने ऐकलं नाही. चिमीला उचलून हॉलमध्ये आणलं आणि तिच्या खोलीचं दार ओढून घेतलं. आत कुणी नाही म्हटल्यावर आकडा तळाला जायला हवा होता. तो उतरला आणि एका माणसापाशी येऊन थांबला.

मास्तर दार ढकलून आत घुसला. त्याने गादी उलटी केली, कपाट उघडलं, पलंगाखाली पाहिलं.

"कोण आहे? बाहेर ये! माझ्या पोरीच्या खोलीत कोण आहेस तू?"

त्याने कपाटावर लाथ मारली. खोली स्वच्छ होती, कसलाही वास नव्हता. तो धापा टाकत उभा राहिला आणि आकडा पुन्हा दोघांचा झाला.

दुसरं मीटर त्याने हॉलमध्ये टेबलावर ठेवलं, खिडक्या लावून घेतल्या आणि बसून राहिला. तो, बायको आणि जमिनीवर चित्रं काढत बसलेली चिमी. बऱ्याच वेळाने आकडा स्थिरावला.

दोघांचा.

"तू जरा बाहेर जा," तो बायकोला म्हणाला.

"आता मी काय केलं?"

"जा म्हणतो ना!"

ती पाय आपटत खाली निघून गेली. आकडा हळूहळू उतरला. एकाचा.

त्याने चिमीकडे पाहिलं. खोलीत दोघांतला एक आकडा तिचा होता; इथे तोही नव्हता. ती गुणगुणत होती. छाती वरखाली होत होती, अगदी व्यवस्थित. ओरडायला त्याच्यासमोर आता कुणीच उरलं नव्हतं.

तो उठला, गॅलरीत आला आणि काचेचं दार बाहेरून लावून घेतलं. खाली ट्रकची इंजिनं चालू होती. धूर त्याच्या घशात गेला. तो काचेतून मीटरकडे बघत राहिला. आकडा उतरत गेला आणि सुट्टीच्या दिवशी कुलूप लावलेल्या ऑफिसात असतो, तिथे येऊन टेकला.

"बाबा!" चिमी हसत दाराशी आली.

तिने काचेवर तोंड टेकलं, गाल फुगवून हाऽऽ केलं आणि वाफेवर चित्र काढायला बोट उचललं.

काच कोरडी होती.

चिमीने पुन्हा एकदा, जोर लावून, हाऽऽ केलं.