बांगड्यांतला पट्टा

हेमंतराव टिपणिसांच्या हृदयावर सकाळपासून तिसऱ्यांदा शस्त्रक्रिया झाली होती आणि ते स्वतः बाहेरच्या बाकावर जांभया देत बसले होते. शस्त्रक्रिया झाली ती त्यांच्या प्रतिदेहावर. प्रतिदेह म्हणजे संगणकात घडवलेलं माणसाचं हुबेहूब शरीर. मनगटावरचा पट्टा नाडी, श्वास, घाम, हालचाल अहोरात्र मोजत राही आणि त्याबरहुकूम ते शरीर सतत बदलत जाई. कोणताही उपचार आधी त्याच्यावर, मग माणसावर.

"काका, तिन्ही वेळा हृदय बंद पडलं," प्रतिदेह घडवणाऱ्या अभियंता ईरा घाटपांडे बाहेर येऊन म्हणाल्या. "आता उशीर करून चालणार नाही."

"कुणाचं बंद पडलं? अहो बाई, दोन थालीपिठं हाणून आलोय मी! डोकं फिरलंय तुमच्या यंत्राचं."

"तुमच्या छातीची तपासणी अगदी स्वच्छ आहे, त्यानेच तर आम्ही हैराण आहोत. पण पट्टा ज्या अंगावर असतो, त्या अंगाबद्दल प्रतिदेह चुकत नाही. एवढं राबता कशाला हो? पहाटे उठता, दिवसभर उभे असता, त्यात उपास!"

"मी? आठशिवाय अंथरूण सोडत नाही मी! उपासही..."

हेमंतराव अडखळले. ईराबाईंनी पडदा त्यांच्याकडे वळवला. त्यावरचं हृदय धापा टाकत होतं आणि खाली 'जिना चढणे' अशी अक्षरं लुकलुकत होती.

"काका, तुम्ही इथे बसलाय. मग हा जिना कोण चढतंय?"

हेमंतरावांनी शर्टाची बाही मनगटावर ओढली. वीजखात्यातून निवृत्त होताना सरकारने तो पट्टा त्यांच्या गळ्यात मारला होता. मनगटाला खाज सुटे आणि काढला की लगेच इस्पितळातून फोन येई. वैतागून एक दिवस त्यांनी तो बायकोच्या, मृदुलाच्या हातात चढवला होता. "तुला सवय आहे बांगड्यांची," ते म्हणाले होते, "त्यात ही एक." तिच्यासारख्या घर सांभाळणाऱ्यांना पट्टा द्यावा, असं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

त्यांनी घरी फोन लावला.

"घातलाय हो पट्टा, रागावू नका," मृदुला म्हणाली. तिला धड बोलवत नव्हतं. "गच्चीवर वाळवण नेतेय."

दर आठवड्याला फोन त्या प्रतिदेहाच्या तक्रारी वाचून दाखवी. हेमंतराव तिला हाक मारून ऐकवत, "बघ, मला म्हणे रात्री छातीत कळा येतात!" आणि पोट धरून हसत. तीही हसायची आणि पट्टा बांगड्यांमागे सारून कामाला लागायची. एकदाही आपण तिच्या तोंडाकडे नीट पाहिलं नाही, या विचाराने त्यांना स्वतःची शिसारी आली.

"अगं, बस! आहेस तिथेच खाली बस!" ते ओरडले.

"बसते हो. एवढी एक फेरी झाली की."

फोन बंद झाला. पडद्यावर हेमंतरावांच्या नावाचं हृदय पुन्हा जिना चढू लागलं.