चाक धरणारी

पोरांनो, आपल्या शुक्रवार पेठेतला संगप्पा मिस्त्री खोटं बोलणारा माणूस नव्हे, एवढं ध्यानात ठेवा आणि मग ऐका.

गेल्या मार्गशीर्षातली, वेळा अमावास्येची रात्र. वळसंगच्या ज्ञानूची वैरण कापायची कडबाकुट्टी ठोकल्यासारखी वाजत होती आणि शेतात लाईट रात्रीचीच. सकाळी शेरडं उपाशी राहतील म्हणून संगप्पा निघाला.

गियर झिजून ढिला झाला की मिस्त्री लोक म्हणतात, प्ले आलाय. तो मोजायला दोघं लागतात. मोटार बंद करून एकानं मोठं चाक गच्च धरायचं, दुसऱ्यानं पुढचा रूळ मागंपुढं हलवून डायलचा काटा बघायचा. चाक कुणी धरलं नाही तर सगळंच फिरतं, माप मिळत नाही. संगप्पाचं चाक त्याची बायको गुरम्मा धरायची. तिचं मधलं बोट आखूड होतं, अशाच एका यंत्रानं खाल्लेलं. तो 'सोड' म्हणेपर्यंत ती हात काढायची नाही. वर चिडवायची, "तुमी इसरलात तर मी हितंच उभी की."

त्याच्या आधीच्या श्रावणात ती दवाखान्यात होती. तिच्या हातातून हात सोडवून घेऊन तो औषधाला खाली उतरला. वर येईपर्यंत...

असो.

ज्ञानू चहा आणायला घरात गेला. संगप्पानं डायल लावला आणि सवयीनं बोलून गेला, "धरलंस का?"

रूळ हलवला. टक. मागं. टक.

माप आलं.

पलीकडं अंधार. त्यानं वर पाहिलं नाही. पुन्हा मोजलं. तेच माप. पुन्हा... पुन्हा...

ज्ञानूची बॅटरी दिसली तेव्हा संगप्पाचे ओठ हलले. 'सोड' काही निघालं नाही. गियर उद्या बदलतो म्हणाला आणि निघून आला.

सकाळी ज्ञानूचा फोन. "मामा, चाक हलंना. पट्टा काढला, दोघांनी जोर लावला. काय अडकलेलं बी न्हाय."

दिवसभर संगप्पा घरात बसून राहिला. शेरडं ओरडतायत म्हणून ज्ञानूचा पुन्हा फोन आला, तेव्हा उठला. तिथं ज्ञानूला बाहेर थांबवलं. चाकाला कपाळ टेकलं.

"लई वेळ धरलंस, गुरम्मा."

...

"सोड."

चाक आपोआप फिरलं. थोडंसंच. थांबलं.

ते चाक मी पाहिलंय. सगळं गंजलंय. काठावर फक्त चार बोटांची जागा चकचकीत. त्यातलं मधलं आखूड.