फळ्यांच्या पलीकडचा ह्यूब

"हे माझ्या दोस्ताच्या बाबतीत घडलंय. मी होतो तिथे," तेनिसकाका म्हणाले, तशा आम्ही पोरींनी खुर्च्या जवळ ओढल्या.

चौदा जानेवारी, शुक्रवार. संध्याकाळचे सव्वासहा. काळोख पाचलाच पडलेला, वाल नदी धक्क्याला टेकलेली. गावाच्या तटातलं नदीकडचं दार आपण पुरात फळ्या टाकून बुजवतो, ते काम माझ्याकडे होतं. बाहेर जाणारा आपला बिल्ला खिळ्यावरून काढून नेतो, आला की परत अडकवतो. सगळे बिल्ले आले की फळ्या बसतात. मग बाहेरून कुणीही ओरडो, पूर ओसरेपर्यंत फळी हलत नाही.

माझा दोस्त ह्यूब होडी आवळून बांधायला निघाला.

"लवकर ये रे, नाहीतर बदकांत झोपशील!"

"तुझ्या घोरण्यापेक्षा बदकं बरी!"

थोड्या वेळात तो आला. बिल्ला अडकवला, माझ्या शेजारी उभा राहिला. आम्ही फळ्या टाकल्या.

आणि बाहेरून मुठी आपटल्या.

"तेनिस! अरे, मी बाहेर राहिलोय!"

"कोण?"

"ह्यूब!"

आम्ही हसलो. मग... हसू थांबलं. ह्यूब शेजारीच होता. खाली बघत होता.

बाहेरच्यानं खिसे चाचपले, हे त्यानं मला नंतर सांगितलं. बिल्ला नव्हता. मागे नदी. दोन्हीकडे तट, दोन पुरुष उंच. पाणी घोट्याला.

"तेनिस, आवाज ओळखत नाहीस माझा?"

ओळखला होता. पण शेजारचा बोलला. त्याच आवाजात.

"नियम म्हणजे नियम, बाबा."

बाहेर पाणी गुडघ्याला. कमरेला. मुठी मंद झाल्या...

"काका, एक फळी तरी उचलायची!" मी म्हणाले.

काकांनी मान हलवली.

नाही उचलली, पोरी. सगळं गाव आत होतं.

साडेनऊला गस्तीच्या बोटीला तो दिसला. दाराच्या कडीला लटकलेला. जिवंत. बोट वळसा घालून टेकाला लागली, तिथून मी त्याला टेकावरच्या त्याच्या घरी नेला. यानकेनं, त्याच्या बायकोनं, दार उघडलं आणि ती किंचाळलीच.

"तू... तू वर झोपलायस ना? सातला आलास. सूप प्यायलास!"

आम्ही वर गेलो. ह्यूब जिन्यातच थांबला.

खोलीत कुणी नव्हतं. गादी कोरडी. जमीन कोरडी.

फक्त चारी भिंतींवर पुराची रेघ होती. ओली. सरळ.

माझ्या डोक्याच्या वीतभर वर.