जुळा जिल्हा

लोकधोरण प्रयोगशाळेच्या भिंतभर पडद्यावर सिंदगाव जिल्हा उजळला, तेव्हा डॉ. सुमेधा खांबेटेची नजर एकाच आकड्यावर होती.

पडद्यावर होतं ते जिल्ह्याचं संगणकीय प्रतिरूप. सगळे त्याला ‘जुळा जिल्हा’ म्हणत. खऱ्या जिल्ह्यातल्या अठरा लाख माणसांच्या सवयी, भीती, नाती शिकलेली अठरा लाख प्रतिमाणसं त्यात राहत. धोरण आधी त्यांच्यावर राबवायचं, वर्षभराचा परिणाम तासाभरात पाहायचा आणि मगच ते गावात न्यायचं. आजचा प्रश्न होता, किशोरवयीन मुलींच्या अनियोजित गर्भधारणा कशा टाळायच्या.

सुमेधाने बारा वर्षं खपून गर्भरोधक ‘विराम-पट्टी’ बनवली होती. ती प्रत्येक आरोग्य केंद्रात फुकट ठेवल्यावर जुळ्यात गर्भधारणा नऊ टक्क्यांनी घटल्या. रेश्मा इंगोलेच्या योजनेने त्रेचाळीस टक्क्यांनी.

“पट्टी तुमचीच आहे, मॅडम,” रेश्मा म्हणाली. प्रयोगशाळेत येण्यापूर्वी ती खेड्यात नर्स होती. “पण केंद्रात रजिस्टरवर नाव लागतं, आणि लिहिणारी बाई मुलीच्या आत्याच्या ओळखीची असते. मी शाळेत फक्त एक खोली दिली आणि एक ताई. तिथलं बोलणं घरी जात नाही. मुलगेही येऊन विचारतात.”

“म्हणजे कमी पडत होता तो विश्वास,” संचालक पराडकर म्हणाले. रेश्माकडे त्यांनी ज्या नजरेने पाहिलं, तशी नजर सुमेधाच्या वाट्याला कधी आली नव्हती.

योजनेची फाइल सुमेधाच्या सहीसाठी आली. तिने ‘फेरतपासणी आवश्यक’ असा शेरा मारला. दोन महिन्यांनी पुन्हा तोच. तिची प्रत्येक शंका शास्त्राला धरून होती, त्यामुळे कोणी काही बोललं नाही. रेश्माही नाही. योजना चौऱ्याण्णव दिवस उशिरा सुरू झाली.

फाइल आल्याला वर्ष झालं तेव्हा खऱ्या जिल्ह्याचा त्या वर्षाचा आकडा आला : बत्तीस टक्के घट. सुमेधाला लाज वाटावी इतका आनंद झाला.

“तुझं भाकीत चुकलं,” ती रेश्माच्या टेबलाशी जाऊन म्हणाली.

रेश्माने खणातून एक अहवाल काढला. तारीख मागच्या वर्षीची, फाइल सहीला जाण्याआधीची; आकडा बत्तीस. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं : डॉ. खांबेटे यांची फेरतपासणी, चौऱ्याण्णव दिवस.

“धोरण सह्या करणाऱ्यांच्या हातून जातं, म्हणून दुसऱ्या फेरीत मी त्यांनाही जुळ्यात धरलं,” ती म्हणाली. “तुमचे बारा वर्षांचे शेरे जुळ्याने वाचलेत.”

“मग बोलली का नाहीस?”

“बोलल्यावर काय होतं तेही जुळ्यात पाहिलं. तुम्ही अख्खं वर्ष अडवलंत. पराडकर सरांना सांगितलं तर मंजुरी देणारी समितीच फुटली. सगळ्यात कमी उशीर गप्प राहण्यात होता.”

“त्या तीन महिन्यांच्या उशिरामुळे किती मुलींना दिवस गेले?”

“दोनशे चौसष्ट.”

सुमेधाने टेबलावर पाहिलं. योजना आता जिथे न्यायची होती त्या उरलेल्या सात जिल्ह्यांची फाइल तिच्या सहीसाठी समोरच होती.

“या वेळी मी काय करते?”

“ते चालवून पाहिलं नाही.”

तिने फाइल ओढली आणि शेरा न लिहिता सही केली. पेन खाली ठेवताना तिच्या लक्षात आलं, ‘पाहिलं नाही’ हे उत्तरही, तिची सही मिळावी म्हणून, जुळ्यात पारखून घेतलेलं असू शकतं. तिने विचारलं नाही. रेश्माच्या जागी तिला वर्षभर गप्प राहणं जमलं नसतं, आणि आता तिला सर्वांत जास्त हेवा त्या गप्प राहण्याचाच वाटत होता.