न पुसलेल्या खुणा

वसंतातल्या सुट्टीत कुठे जायचे, हा प्रश्न आमच्या घरी दरवर्षी वादानेच सुटतो. वाद घालणे हा माझा दोष आहे असे माझी पत्नी म्हणते. मला ते मान्य नाही. पुलांच्या आराखड्यांतल्या चुका शोधणे हाच ज्याचा व्यवसाय, त्याने सुट्टीचे ठिकाणही तावूनसुलाखून घेतले तर बिघडले काय?

ती दंतवैद्य आहे. तिला बोल्डरिंग प्रिय: ठेंगणे खडक, दोर नाही, खाली जाड गादी, पडले की उठायचे आणि पुन्हा भिडायचे. मला मात्र उंच भिंत हवी असते. कातळात ठोकलेल्या बोल्टांना दोर अडकवत एकाने वर जायचे आणि दुसऱ्याने खाली उभे राहून तो दोर सांभाळायचा. यंदाचा वाद झाला त्या दिवशी धुतलेला दोर बाल्कनीत वाळत होता आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर, चहाच्या कपांखाली, नकाशा पसरलेला होता.

“समुद्रकाठची भिंत,” मी म्हणालो. “कातळ भक्कम, बोल्ट नवे.”

“आणि मी दिवसभर मान वर करून तुझे तळपाय बघत बसू?”

“डोंगरात तुझे खडक आहेत, पण भिंत नाही.”

“वकीलसाहेब, दोन्ही आहे अशी जागा मिळालीय,” असे म्हणत तिने फोन माझ्यापुढे सरकवला.

दरीतले एकटे घर, अंगणापलीकडे हत्ती बसावेत तसे खडक, आणि त्यांच्या मागे करडी, उभी भिंत. आम्ही दोघेही तिथे कधी गेलेलो नव्हतो. नाकारण्याजोगे कारण मला सापडेना. मी घर राखून ठेवले आणि भिंतीतून पाणी झिरपते की काय हे पाहण्यासाठी घरमालकिणीकडे जवळून काढलेला फोटो मागितला.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. हाताच्या पकडी चटकन दिसाव्यात म्हणून चढणारे लोक त्यांच्याजवळ खडूची रेघ ओढतात. माझ्या डाव्या हाताचे एक बोट अधू असल्यामुळे मी बऱ्याच पकडी दोनच बोटांनी धरतो, आणि रेघेऐवजी शेजारी शेजारी दोन ठिपके देतो. पत्नी त्यांना सापाचे दात म्हणते. उतरताना या खुणा ब्रशने पुसून टाकायच्या, हा शिष्टाचार आहे. त्यात मी कधी कसूर केलेली नाही.

फोटो आला. ती हसत सुटली.

“अरे, तुझे सापाचे दात!”

भिंतीच्या पायथ्याशी दोन पांढरे ठिपके होते. त्यांच्या वर आणखी दोन.

“अधू बोटाची मक्तेदारी काही माझ्याकडे नाही,” मी म्हणालो. तरीही, सध्या तिथे कोण चढते आहे, असे मी घरमालकिणीला विचारले. तिने लिहिले: थंडीत इकडे कुणी फिरकत नाही. यंदाचे पहिले पाहुणे तुम्हीच.

पुढचा फोटो तिने आपण होऊन पाठवला. भिंत कोरडी आहे, काळजी नसावी. ठिपके आता भिंतीच्या मधल्या फुगवट्यापर्यंत पोहोचले होते. त्यानंतरच्या फोटोत ते फुगवटा ओलांडून गेले होते, आणि जिथे चित्राची कड त्यांना कापत होती तिथेही संपलेले नव्हते.

पत्नी आता हसत नव्हती. तिने फोन उलटा ठेवला.

“तू उतरताना खुणा पुसतोस.”

“नेहमी.”

“या पुसलेल्या नाहीत.”

“म्हणजेच त्या माझ्या नाहीत. तुझाच मुद्दा माझी बाजू सिद्ध करतो.”

“कुणाच्याही असोत. जो वर गेलाय तो खाली आलेला नाही.” मग टेबलावरच्या नकाशाची घडी घालत ती हळूच म्हणाली, “मला तिथून एकटीनं परत यायचं नाहीये.”

मी फोन सुलटा केला. दरीतले घर रद्द केल्याचे कळवले. त्यावर काही उत्तर आले नाही. आम्ही समुद्रकाठी गेलो.

तिथे लाटांच्या आवाजात हाक ऐकू येत नाही, म्हणून चढणारा आणि सांभाळणारा दोराला हिसके देऊनच एकमेकांशी बोलतात. दिवसभर आम्ही तोंडातून अक्षर काढले नाही. एक नियम मात्र कुठेही बदलत नाही: चढणाऱ्याचे पाय जमिनीला लागेपर्यंत खालच्या माणसाने दोरावरची उजव्या हाताची मूठ सोडायची नाही. तिला हा नियम मीच शिकवला. ती तो माझ्याहून कसोशीने पाळते.

दिवस सुरेख गेला. उतरताना मी प्रत्येक खूण दोनदा पुसली. पाय वाळूला लागले, कमरेची गाठ सुटली, दोर गुंडाळून आम्ही खोलीवर आलो. खिडकीत अजून ऊन होते.

फोन वाजला. दरीतल्या घरमालकिणीचा संदेश होता.

साहेब, ऊन कलायला आलं. ताई सकाळपासून हाका मारताहेत. तुम्ही उतरत का नाही?

सोबत फोटो होता.

भिंतीच्या पायथ्याशी एक बाई पाठमोरी उभी होती. अंगात निळे जाकीट. मान वर. उजवी मूठ कमरेशी, दोरावर आवळलेली. दोर ताठ वर गेला होता आणि चित्राबाहेर नाहीसा झाला होता.

पत्नीचे तेच निळे जाकीट समोर खुंटीवर होते.

मी फोन खिशात घातला. तिला दाखवायचे नाही, असे ठरवले.

ती पलंगाच्या कडेला बसली होती. मी चहाचा कप पुढे केला. तिने तो डाव्या हाताने घेतला.

उजवा हात कमरेशी होता. मूठ मिटलेली. गुंडाळलेला दोर कोपऱ्यात पडला होता.

“दिवस संपला,” मी म्हणालो. “मूठ उघड आता.”

तिने माझ्याकडे पाहिले नाही. ती छताकडे पाहत होती.

“तू आधी खाली ये,” ती म्हणाली.

तिचा आवाज पार बसला होता.