पायथांब्याची तार

कंदील राहू दे इथंच. वात तेवढी बारीक कर, डोळ्यांवर येतोय.

मघापासून ऐकतोय मी तुमच्या गप्पा. तेलाच्या इंजिनावर शिकायला लागलात, चांगलं आहे. तुमच्यातला कोण म्हणाला ते, की यंत्राला राग नसतो, लोभ नसतो, म्हणून ते माणसापेक्षा बरं? खरं आहे ते. राग यंत्राला नसतो. एक गोष्ट सांगतो. ऐकीव नाही. माझा आतेभाऊ पिराजी तिथं होता आणि पिराजीला मनानं रचून काही सांगता यायचं नाही, इतका तो सरळ माणूस.

एकोणीसशे सोळा साल. जानेवारीची तेवीस तारीख, रविवार. त्या दिवशी संकष्टी होती. पिराजी तेव्हा गणपतरावांच्या गुऱ्हाळावर इंजिन चालवायचा. नदीवरचा पूल ओलांडून वडणग्याच्या वाटेला लागलं की डाव्या हाताला ते गुऱ्हाळ. आसपास सगळीकडं चरकाला बैल. यांच्याकडं विलायती इंजिन, जाड पट्टा, लोखंडी चरक. लोक नुसतं बघायला यायचे.

दिवस मावळायला गणपतरावांनी पिराजीला हाक मारली.

"पिराजी, मंगळवार पेठंत जाऊन यायचं. बाबालाल मिस्त्रीच्या घरात त्यानं काढलेला एक कागद हाय, पायथांब्याचा. त्याच्या बायकोकडनं घिऊन ये."

"आत्ता, आण्णा? इंजान कोण बघणार?"

"मी बघतो. उद्या प्रदर्शनाची माणसं येणार हाईत, कागद मागतील. जा."

पायथांबा म्हणजे काय, ते सांगतो. चरकात ऊस घालणाऱ्याचा हात कधी उसाबरोबर आत ओढला जातो. बैल असला तर ओरडून थांबवता येतो. इंजिन ओरडून थांबत नाही. ते लांब, खोपटात, आणि बंद केलं तरी त्याचं जड चाक फिरतच राहतं. तोवर कोपर गेलेलं असतं. बाबालाल मिस्त्रीनं यावर दोन वर्षं डोकं चालवलं. चरकाच्या पायथ्याशी एक लोखंडी दांडी बसवली. तिच्यावर पाय दिला की पट्टा कामाच्या चाकावरून सरकून शेजारच्या मोकळ्या चाकावर जायचा. इंजिन चालू, पण चरक जागच्या जागी गप्प. हात अडकला तरी पाय मोकळा असतो ना! एवढी साधी गोष्ट. विलायतेहून इंजिन पाठवणाऱ्यांना ती सुचली नाही, मंगळवार पेठेतल्या माणसाला सुचली.

गणपतरावांनी काय केलं? पायथांबा आपल्या नावावर शेतीअवजारांच्या प्रदर्शनात मांडला. आणि स्वतःच्या गुऱ्हाळावर तो तारेनं बांधून टाकला.

का? तर घालणाऱ्यांचे पाय चुकून पडायचे आणि चरक थांबायचा. गुऱ्हाळाचं गणित तुम्हाला ठाऊक आहे. रस उकळायची काहील चुलीवर चढली की रस कमी पडून चालत नाही, आत शिजणारं आधण करपतं. आण्णा म्हणाले, बांध. पिराजीनं बांधला. हो, त्यानंच. तीन पदरी तार, पकडीनं पिळून. हे त्यानं मला स्वतः सांगितलं, खाली मान घालून.

आदल्या हंगामात बाबालाल आपलं काम कसं चाललंय ते बघायला आला. दांडी हलत का नाही म्हणून वाकला आणि अस्तनी चरकात गेली. तो पाय देत होता. पिराजीला खोपटातून दिसत होतं. आपणच केलेल्या दांडीवर तो माणूस पुनःपुन्हा पाय देत होता... आणि दांडी हलत नव्हती. इंजिन बंद करून पिराजी पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. मिस्त्रीच्या हलगर्जीपणानं अपघात, असा कागद झाला. तार? तार त्या कागदात नव्हती. चरक धुतला आणि दुसऱ्या दिवशी आधण चढलं. दांडी बांधलेलीच.

तर पिराजी मंगळवार पेठेत गेला. लालबी, मिस्त्रीची बायको, उंबऱ्यात कंदिलापाशी तांदूळ निवडत बसली होती. त्यानं मान वर न करता कागद मागितला. त्याला वाटलं, शिव्या देईल. तिनं आत जाऊन कागद आणला.

"त्यास्नी सांग," ती म्हणाली, "ह्या कागदावर सगळं काढलंय. तार तेवढी काढलेली न्हाय."

"भाभी, मी काय करू? मी हुकमाचा माणूस."

"व्हय की. हुकमाचाच." मग त्याच्या खांद्यावरून मागं बघत म्हणाली, "अंधार पडलाय. सांभाळून जावा दोघं."

पिराजी एकटाच होता.

दुःखानं डोकं फिरलंय बिचारीचं, असं म्हणत तो निघाला. पुलावर समोरून उसाची गाडी आली. गाडीवान ओरडला, "ए, कडंला व्हा की रं दोघंबी! बैल बुजत्यात!"

पिराजी कडेला झाला. मागं बघितलं नाही.

बघायला पाहिजे होतं, असं तो मला म्हणाला. तिथंच त्याला सांगितलं असतं, की मी बांधली, मी सोडतो. पण तो चालत राहिला.

गुऱ्हाळावर पोचला तेव्हा चंद्र नुकताच वर आला होता. नऊ वाजून गेले असतील. आणि चरकावर बघतो तर त्याची बायको, शालूबाई, ऊस घालतेय.

"तू हितं कशी?"

"घालणाऱ्याला ताप आलाय. आण्णांनी सांगावा धाडला. आता चंद्र दिसला न्हवं? ह्यो भारा संपिवते आणि उपास सोडते."

तिच्या पायाशी ती दांडी. दांडीला तार.

पिराजी काही बोलणार, तेवढ्यात काहिलीजवळून गूळ शिजवणाऱ्या ज्ञानू गुळव्यानं हाक दिली. पिराजीला नाही. पिराजीच्या मागं बघून.

"या पावणं, या! लांबनं आलाय जणू. रस प्या."

आता पिराजीनं वळून बघितलं. चुलीचा उजेड जिथं संपतो तिथं एक माणूस उभा होता. डोक्यावरून घोंगडं. तोंड दिसत नव्हतं.

"रस नगं," माणूस म्हणाला.

"मग जरा टेका. आधण उतारतंय, गरम गूळ खाऊन जावा."

"गूळ नगं."

ज्ञानू हसला. "गुऱ्हाळावर आलासा आणि रस नगं, गूळ नगं? मग काय दिऊ तरी काय पावणं?"

"पायथ्याची तार सोडून द्या."

...

इंजिनाचा आवाज तेवढा. फट्... फट्... फट्...

गणपतराव बाजेवर बसले होते. उठले. "कुठल्या गावचं म्हणायचं पावणं? तारंचं काय काम तुम्हास्नी?"

घोंगडं दांडीकडं वळलं.

"तार मिळायची न्हाय. वाट धरा."

ज्ञानूचा हात काहिलीवर थबकला. "आण्णा... गुऱ्हाळावर आलेल्या पावण्याला न्हाय म्हणू ने. आपल्या बाच्या बापापासनं कुणी म्हटलं न्हाय. मागतोय ते देऊन टाका. तारंचं काय एवढं?"

"तू आपली उलथणी हलीव, गुळव्या. मला शिकवू नगंस."

"बरं," असं घोंगडंवाला म्हणाला.

तेवढंच. बरं.

आणि तिथं कुणी नव्हतं. गेला म्हणावं तर चिपाडावर पाय वाजला नाही. चुलीचा उजेड होता तिथंच होता, माणूस तेवढा नव्हता.

"आण्णा," पिराजी म्हणाला, "त्यो आवाज..."

"कसला आवाज? भुरटा हाय कोण तरी. कागद आणलास का? दे हिकडं."

पिराजीनं कागद दिला नाही. त्याला शालूबाई दिसत होती. तिनं उसाची मोळी पुढं लोटली. एका उसाला पाचट होतं. पाचट तिच्या बांगडीत गेलं. ऊस चरकात चालला. पाचट त्याच्याबरोबर चाललं. बांगडी पाचटाबरोबर.

 तिनं नुसतं नवऱ्याकडं बघितलं.

पिराजीला मधलं काही आठवत नाही. पकड हातात कधी आली, गुडघे कधी टेकले. एक पदर तुटला. दुसरा. तिसरा. तार निघाली आणि त्यानं दोन्ही तळहात दांडीवर दाबले.

पट्टा सरकला. चरक थांबला.

बांगडी फुटली होती. हात आणि लोखंड यांच्यात एक बोट बसेल एवढी जागा होती. शालूबाई मटकन खाली बसली आणि मग रडायला लागली. पिराजी तर मोठ्यानं हसत होता, असं ज्ञानू सांगतो. बाबालालचा पायथांबा त्या रात्री पहिल्यांदा चालला. जिवंत असता तर मिस्त्रीनं हेच बघायला आयुष्य दिलं असतं.

गोष्ट इथं संपवता आली असती, पोरांनो. गणपतरावांच्या हातात होतं ते.

ते काय म्हणाले? "रस कमी पडतोय."

पिराजीनं शालूबाईला चरकापासून मागं ओढलं.

"दुसरी काहील चढलीया. रस कमी पडतोय म्हणतोय मी! दुसरं माणूस लावा चरकावर. आणि तार बांध."

"मी न्हाय बांधत."

"काय म्हणालास?"

"एकदा बांधली, आण्णा. एक माणूस गेला. आता न्हाय."

ज्ञानूनं तोवर आधण निवायला दगडी तळाच्या वाफ्यात ओतलं होतं. तोही पुढं आला. "आण्णा, ऱ्हाऊ द्या. बाईचा हात वाचलाय, देवाचं नाव घ्या."

"व्हा बाजूला! बायकी समदी."

गणपतरावांनी स्वतः पट्टा कामाच्या चाकावर लोटला. चरक फिरायला लागला. आणि चरक फिरत असताना, खाली पडलेली तार उचलून, ते दांडीपाशी वाकले. अंगात जरीची बंडी, डोक्याला फेटा. उद्याच्या पाहुण्यांसाठी आजच बांधून बघितलेला. शेमला पाठीवरून पुढं आला...

लोळत आला.

चरकानं टोक धरलं.

मान ओढली गेली. त्यांनी शेमला सोडवायला उजवा हात घातला. घालायचा नव्हता. घातला.

पिराजीनं दांडीवर पाय दिला.

दांडी हलली नाही.

तार सुटलेली होती! गणपतरावांच्या डाव्या मुठीत होती, सगळ्यांना दिसत होती. दांडीला काही नव्हतं. पिराजी दोन्ही पायांनी दांडीवर चढला. उड्या मारल्या. ज्ञानू चढला. दोन जाणते गडी त्या दांडीवर नाचत होते, पोरांनो, जी मघाशी तळहातांनी दबली होती.

हलेना.

पिराजी म्हणतो, गंज चढल्यागत नव्हती ती. थरथरत होती. खालून कुणी तरी धरलं होतं... माणूस धरतो तसं.

गणपतराव ओरडत होते, "पाय दे! पिराजी, पाय दे रं!"

पिराजी पाय देतच होता.

मग एकदम... दांडी खाली गेली. आपसूक, लोण्यागत. चरक थांबला. कुठवर आल्यावर थांबला? मिस्त्रीच्या वेळी थांबला होता तिथवर नाही. जरा अलीकडं. खांद्याच्या अलीकडं. जीव राहील एवढं ठेवून.

गणपतराव जगले. आजही आहेत, तुम्ही त्यांना ओळखता, नाव मी बदललंय. प्रदर्शनाचं पदक त्यांना मिळालं नाही. पिराजीनं कागद दुसऱ्या दिवशी येणाऱ्या माणसांच्या हातात दिला आणि म्हणाला, हे बाबालाल मिस्त्रीचं काम, आणि तार माझं. ती माणसं काय करणार? कागद घेऊन गेली. पुढं काय झालं विचारू नका. एवढ्या लवकर न्याय करायची सवय आपल्याकडं फक्त मेलेल्यांनाच आहे.

मला वाईट वाटतं का? नाही वाटत. तुम्ही म्हाताऱ्याला काय म्हणायचं ते म्हणा. एक माणूस रात्रंदिवस झिजून दुसऱ्याचा हात वाचवायची युक्ती काढतो. आणि दुसरा ती तारेनं बांधतो, कारण रस कमी पडतो. त्यांतल्या कुणाचा हात जावा, हे मला त्या घोंगडंवाल्यापेक्षा वेगळं सुचलं नसतं.

त्या रात्री सगळे गणपतरावांना गाडीत घालून दवाखान्यात गेले. गुऱ्हाळ ओस. चुलीतला जाळ विझला. वाफ्यातलं आधण कुणी घोटलं नाही, ढेपी भरल्या नाहीत. ते तसंच थिजलं, दगडासारखं.

पहाटे ज्ञानू आणि पिराजी परत आले. कंदील धरून वाफ्यापाशी गेले.

ताज्या उतरलेल्या गुळाचा एक थेंब अंगावर उडाला तर कातडं सुटतं, हे तुम्हाला सांगायला नको.

वाफ्याच्या बरोबर मधोमध पावलाचा ठसा होता. अनवाणी. एकच. कडेपासून तिथवर जायला दुसरं पाऊल नव्हतं, तिथून निघायलाही नव्हतं. टाच टेकलेलीच नव्हती. सगळा भार चवड्यावर, काही तरी जोरानं खाली दाबावं तसा.

ज्ञानूनं उसाची एक चिपाडी घेतली आणि अंगठ्याच्या खळग्यात सोडली.

ती तळाच्या दगडाला लागली.